धुराची शास्ती

घोडपदेव म्हटले की मराठी वाचकाला चाळ आठवते, गोदी आठवते, गिरणीचा भोंगा आठवतो. धूर क्वचितच आठवतो. गिरणगावाच्या साहित्यात तो बहुधा पार्श्वभूमीपुरता येतो. चिमणीतून धूर निघतो म्हणजे गिरणी चालू आहे आणि घरात चूल पेटणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याने मात्र या धुराची दखल फार पूर्वी घेतली होती. त्याची किंमत किती ठरवली होती, हे पाहणे आम्हांला उद्बोधक वाटले.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. चारच वर्षांनी आलेल्या भारतीय दंड संहितेच्या २७८ व्या कलमाने हवा आरोग्यास अपायकारक करणाऱ्यास जास्तीत जास्त ५०० रुपये दंड सांगितला. पुढे परळ, लालबाग, काळाचौकी या पट्ट्यात चिमण्यांची दाटी झाली. कलकत्त्यात १९०५ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला होता. मुंबईत तो १९१२ साली आला. त्यासाठी आयोग नेमला गेला, पण शिक्षेचे स्वरूप दंडाचेच राहिले. १९१५ साली खोपोलीची जलविद्युत मुंबईत पोहोचली आणि गिरण्या विजेवर जाऊ लागल्या, तसा कोळशाचा धूर घटू लागला. म्हणजे मालकाला दंडाच्या धाकापेक्षा विजेचा हिशेब अधिक पटला, असे म्हणावे लागते.

दंड संहितेतले ते ५०० रुपये पुढे १६० वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांचे १,००० झाले. १८६० साली हा दंड जड वाटला असेल. आज तो किरकोळ खर्चात जमा होईल.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर उलट टोक गाठले गेले. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आला. शिक्षा कडक झाली. परंतु कैद म्हटली की फौजदारी खटला आला, आणि संशयातीत पुराव्याचे ओझेही आले. अशा खटल्यांचे निकाल लागेपर्यंत नाल्यातून बरेच पाणी वाहून जाते.

येथे मराठीतल्या एका भेदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. बोलीत आपण 'शिक्षा', 'दंड', 'शास्ती' हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. कायद्याच्या मराठीत शास्ती बसण्यासाठी माणूस गुन्हेगार ठरावाच लागतो असे नाही. जनविश्वास कायदा, २०२३ ने पर्यावरण आणि हवा या दोन कायद्यांत, तर २०२४ च्या दुरुस्तीने जल कायद्यात, अनेक उल्लंघनांसाठी कैदेऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांची शास्ती आणली. ती न्यायनिर्णय अधिकारी चौकशी करून बसवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण नियंत्रण मंडळांनाही भरपाई वसूल करण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले.

यात वेग आहे, हे मान्य करायला हवे. पण १५ लाखांची कमाल मर्यादा छोट्या कारखानदाराला बुडवू शकते, आणि मोठ्या कंपनीला ती प्रदूषणाची परवाना-फी वाटू शकते. मग उलाढालीनुसार रक्कम का ठरवू नये? राष्ट्रीय हरित लवादाने एका रसायन कंपनीला उलाढालीकडे पाहून २५ कोटींचा दंड केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो रद्द केला. उत्पन्नाचा आणि झालेल्या हानीचा संबंध दिसत नाही, हे त्याचे कारण.

हा तर्क समजतो; पण हानी मोजायची तर ती कोणाची, हा प्रश्न उरतोच. घोडपदेवच्या चाळीत जी माणसे दोन-तीन पिढ्या तो धूर श्वासावाटे घेत राहिली, त्यांची नोंद १८६० च्या ५०० रुपयांत नव्हती. आजची शास्ती निधीत जमा होते, शेजाऱ्याच्या हाती नव्हे. चिमण्या गेल्या, त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, आणि खिडकीच्या गजांवर काजळीऐवजी बांधकामाची धूळ बसते. ती पुसणाऱ्या हाताला कायद्यात अजून रकाना मिळालेला नाही.