धुरा

मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारी सडक साकोली मागे टाकून गोंदिया जिल्ह्याच्या हद्दीत शिरली की सौंदड लागते. आणि गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा, एके काळी अरुंद रुळांचा असलेला लोहमार्गही या गावाला एक स्टेशन देऊन पुढे अर्जुनी, वडसा असा दक्षिणेकडे उतरत जातो. सडक अर्जुनी तालुक्यातील या गावाचे नाव त्यामुळे पुष्कळांनी धावत्या गाडीच्या खिडकीतून वाचलेले असते. पण पावसाळ्याच्या आरंभी त्याच खिडकीतून जे दृश्य दिसते, त्याचा इतिहास जाणून घ्यावा असे मनात येणारे प्रवासी थोडे. चुलबंदच्या या खोऱ्यात जमीन सलग अशी दिसतच नाही. ती लहानलहान बांध्यांत विभागलेली असते, आणि प्रत्येक बांधीच्या चारी बाजूंस मातीचा, गवताने घट्ट धरलेला, हात-दीड हात उंचीचा धुरा असतो. घाटावरचे लोक ज्याला बांध म्हणतात तोच हा. परंतु घाटावर बांध ही मुख्यतः मालकीची खूण, तर पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतला धुरा हा खूण तर आहेच, शिवाय तो पाणी धरणारा काठ आहे, चिखलात उतरण्यापूर्वीची पायवाट आहे, आणि त्यावर तूर पेरली जात असल्यामुळे घरच्या वरणाचे शेतही आहे.

धुऱ्याचे खरे मर्म मात्र पाण्याच्या वाटचालीत आहे. येथल्या जुन्या सिंचनात प्रत्येक शेताला स्वतंत्र पाट नसतो. तलावातून सुटलेले पाणी पहिल्या बांधीत भरते, तिच्या धुऱ्याला पाडलेल्या वाटेने दुसरीत उतरते, दुसरीतून तिसरीत, आणि असे करीत करीत ते ज्याच्या शेतात पोहोचते, त्याने वरच्या दहा जणांच्या जमिनीतून आपले पाणी आणलेले असते. वरच्याने धुरा फार उंच केला तर खालच्याचा धान वाळतो. वरच्याचा धुरा फुटला तर खालच्याचे पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपे, वाहून जातात. आपली सीमा आपण कशी राखतो यावर शेजाऱ्याचे अन्न अवलंबून आहे, हे सत्य ज्या भूभागात पोथीतून शिकावे लागले नाही, तो हा भूभाग.

अलीकडे माणसे आपल्या आयुष्याला वळण लावण्याविषयी फार आस्थेने बोलू लागली आहेत: चांगल्या सवयी जडवाव्यात, नात्यांत मर्यादा असाव्यात, जेथे नकार द्यावयाचा तेथे तो देता यावा. ही आस्था मला मोलाची वाटते. फक्त एवढेच सांगावेसे वाटते की मर्यादा म्हणजे दोन माणसांना तोडणारी भिंत, अशी जी समजूत या बोलण्यात कधी कधी डोकावते, ती भाताच्या प्रदेशात उगवलेली नव्हे. येथे सीमा ही जोडणारी गोष्ट होती, आणि ती जोडणारी राहावी म्हणून दरसाल तिच्यावर माती चढवावी लागत असे.

या व्यवस्थेचा उगम तलावांत आहे. गोंडांच्या राज्यात, विशेषतः चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, राजांच्या अमलात, जो अरण्य तोडून गाव वसवील त्याला त्या गावाचा हक्क, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढ्या जमिनीची सनद, असा उदार दंडक असल्याची परंपरा आहे. या दंडकाचा सर्वाधिक लाभ घेतला तो कोहळी समाजाने. आपले पूर्वज काशीकडून आले असे कोहळी सांगत. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या, मध्यप्रांतातील जातिजमातींवरील आपल्या ग्रंथात रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनीही तलाव बांधणारी आणि ऊस पिकविणारी जात म्हणूनच त्यांची नोंद केली आहे. सौंदडच्या दक्षिणेस, डोंगरांच्या कुशीत पसरलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते, आणि अशा थोरल्या बांधांच्या आजूबाजूला गावोगावचे तलाव आणि शेतांतल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, मिळून पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक जलाशय उभे राहिले.

तलावाच्या रचनेतले दोन शब्द येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पाण्यात उतरणारी, टप्प्याटप्प्याने उघडता येणारी जी मोरी, ती तुडुम; आणि पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, एका अंगाला, जादा पाणी निघून जावे म्हणून मुद्दाम ठेवलेली जी सखल वाट, ती सलंग. नवख्या माणसाला वाटते की तलावाचे सारे बळ पाळीत असते. जाणता मात्र आधी सलंग पाहतो. कारण ज्या पाळीला सलंग नाही, ती कितीही रुंद असली तरी एखाद्या श्रावणात फुटणारच. धरणे आणि सोडणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच बांधकामात बसविणाऱ्या त्या अनामिक कारागिरांना माणसाच्या स्वभावाचेही काही ज्ञान असले पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, आणि पुढील दशकात इंग्रजी अमलाचा जमीनबंदोबस्त भंडारा जिल्ह्यात, म्हणजे सौंदड ज्या जिल्ह्यात १ मे १९९९ पर्यंत होते त्या जिल्ह्यात, सुरू झाला. गावचा सारा वसूल करणारे मालगुजार आता गावाचे मालक ठरले, आणि तलाव त्यांच्या नावे चढले. पण याच बंदोबस्ताच्या दफ्तरात एक असा कागद तयार झाला की ज्याचे महत्त्व इतिहासकारांनी अजून पुरते ओळखलेले नाही. त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. त्यात खसऱ्याप्रमाणे जमिनीची मोजदाद नसून गावचे रिवाज लिहिलेले असत: गुरे कोठे चरावीत, सरपण कोठून आणावे, कोणत्या वाटेने कोणी जावे, तलावाचे पाणी कोणाच्या शेताला कोणत्या हक्काने मिळावे. या सर्व हक्कांना मिळून 'निस्तार' म्हणत. संस्कृतात निस्तार म्हणजे पार पडणे, सुटका होणे. आणि महसुली भाषेत निस्तार म्हणजे काडी, चारा आणि पाणी. दोन अर्थांमध्ये अंतर आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी वैशाखात या खेड्यांतली चूल एकदा पाहावी.

लिहिलेल्या हक्काला न लिहिलेल्या सवयीचा आधार असे. पाळीवर झुडूप माजू द्यावयाचे नाही, नहर उन्हाळ्यात उपसावयाचा, पहिल्या पावसापूर्वी धुऱ्यांची बिळे बुजवावयाची. पाळीच्या कामाला घरटी एक माणूस यावयाचा. ही कामे कोणाच्या उत्साहावर सोडलेली नव्हती, त्यांना ऋतू नेमून दिलेला होता. सवय जडते ती निश्चयाने कमी आणि नेमलेल्या वेळेने अधिक, हे अशा गावांचा इतिहास पाहणाऱ्याला मान्य करावे लागते.

मात्र या चित्राला सोन्याचा मुलामा देणे हा अन्याय होईल, आणि तो मला करावयाचा नाही. मालगुजाराच्या खुदकाष्त, म्हणजे स्वतः कसलेल्या, जमिनीला पाणी आधी मिळे, आणि पाळीवरचे श्रम सर्वांच्या वाट्याला सारख्याच मोकळ्या मनाने येत नसत. त्यांत वेठही असे. त्याहून मोठे शल्य सीमेचेच आहे. मध्यप्रांतातील खेड्यांत गावशिवाराचा तंटा उपस्थित झाला, की हद्द कोठून जाते हे सांगण्याचा अधिकार महार कोतवालाचा असे. त्याचा शब्द प्रमाण मानीत, कारण त्याची जात त्या भूमीतली सर्वांत जुनी रहिवासी असे समजले जाई. ज्याच्या शब्दाने गावाच्या सीमा ठरत, त्याला स्वतःला मात्र गावकुसाबाहेर राहावे लागे आणि गावच्या पाण्याला हात लावता येत नसे. सीमा राखण्याचे ज्ञान ज्याच्याकडे सोपविले, त्याच्याभोवती माणसांनी आखलेली ही सीमा अधर्माची होती, आणि ती मोडण्यावाचून तिची दुसरी दुरुस्ती नव्हती.

ती मोडण्याचे काम या जिल्ह्याने जवळून पाहिले. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, आणि दोन दिवसांनी चांद्यास, त्यांनी आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली तेव्हा त्या सभांना पूर्व विदर्भातील गावेच्या गावे चालत गेली. दीक्षेबरोबर दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आज पुन्हा वाचाव्यात. जुन्या देवदैवतांचा आणि कर्मकांडाचा त्याग त्यांत आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण चोरी न करण्याची, असत्य न बोलण्याची, दारूला स्पर्श न करण्याची, सर्व माणसांना समान मानण्याची प्रतिज्ञाही त्यांत आहे. दुसऱ्याने लादलेले कुंपण ओलांडण्याच्या त्या क्षणी एका समाजाने स्वतःच्या हाताने स्वतःच्या आचरणाला धुरा घातला. माणसाच्या आत्मोन्नतीचा इतका मोठा सामुदायिक प्रयोग महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात दुसरा नाही, असे माझे मत आहे.

त्याच दशकात, दुसऱ्या वाटेने, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हेच काम खंजिरीच्या तालावर करीत होते. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापिला, १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगला, आणि १९५५ साली ग्रामगीता लोकांच्या हाती दिली. तिच्या ४१ अध्यायांची नुसती नावे पाहिली तरी ग्रंथकर्त्याची दृष्टी ध्यानात येते: आचार-प्राबल्य, संसर्ग-प्रभाव, ग्राम-आरोग्य, महिलोन्नती, वैवाहिक जीवन. सवय, संगत आणि संसार यांचा विचार त्यांनी एकांतातल्या साधकासाठी केला नाही. तो चावडीसमोर, सर्वांच्या देखत केला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा झाडीपट्टीत खेडोपाडी निघाल्या, आणि पहाटेचे सामुदायिक ध्यान व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना असे दिवसाचे दोन काठ त्यांनी बांधून दिले. ज्या घरात दारूमुळे संध्याकाळ ही भयाची वेळ होती, त्या घरच्या पुरुषाला ठरावीक घटकेला ओळीत येऊन बसावे लागणे, आणि शेजारी कोण बसला आहे याची जात न विचारता बसावे लागणे, याचे मोल त्या घरातल्या बाईलाच विचारावे. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. आजही पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लक्षावधी माणसे एकदम स्तब्ध उभी राहतात. वेळ पाळण्याची शिकवण ज्याने दिली, त्याला वेळ पाळूनच वंदन करावे, हे त्या माणसांना उमगलेले आहे.

पण ज्या वर्षांत माणसांच्या मनाला असे धुरे घातले जात होते, त्याच वर्षांत जमिनीवरचे मात्र ढासळू लागले होते. १९५१ साली मालगुजारी संपली. ती संपणे न्याय्यच होते. तलाव सरकारजमा झाले, त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव पडले, आणि लोकांनी त्याचे 'मामा तलाव' असे लाडके रूप केले. पुढे १९५६ साली जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि लहान तलाव जिल्हा परिषदांकडे गेले. निस्ताराचा हक्क कागदावर शाबूत राहिला. हरवला तो पाळीवर घरटी माणूस जाण्याचा रिवाज. तलाव आता सरकारचा, तेव्हा गाळही सरकारनेच काढावा, ही समजूत इतकी सहज रुजली की त्यात काही बिघडले आहे असे पुष्कळ वर्षे कोणाला जाणवलेही नाही. तुडुम गळू लागले, गर्भात गाळ साचला, काठाने बेशरमची झुडपे माजली, सलंग बुजली. मालगुजाराचा धाक गेला तेव्हा त्याची जागा आपसातल्या कराराने घ्यावयास हवी होती. ती तशी घेतली गेली नाही, हे या प्रदेशाच्या अलीकडच्या इतिहासातले मला सर्वांत दुःखद पान वाटते.

ते पान आता काही ठिकाणी पुन्हा लिहिले जात आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या मासेमारांसह तलावांचे काम हाती घेतले, त्यात बेशरम उपटून काढली आणि माशांना आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. या कामात ढिवर स्त्रिया पुढे आल्या, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण तलावाविषयीच्या जुन्या कागदांत त्यांच्या नावाला कोठेही जागा नव्हती.

एका जुलैत, सौंदडहून थोड्या अंतरावर, रिमझिम पावसात मी एका धुऱ्यावर उभा होतो. वरच्या बांधीचा म्हातारा शेतकरी फावडे घेऊन पाण्याची वाट मोकळी करावयास वाकला, पण पहिले ढेकूळ काढण्यापूर्वी थांबला आणि खालच्या शेतात ओळीने रोवणा करीत असलेल्या बायांच्या पलीकडे, पऱ्ह्यांची पेंढी खांद्यावर घेतलेल्या तरुणाला त्याने हाक दिली.

"रोवणा झाला का जी? पानी सोडू?"

"दोन बांध्या राह्यल्या बाबाजी. उद्या सोडा."

म्हाताऱ्याने मान हलविली, फावड्याच्या पाठीने चिखल थोपटून वाट होती तशी बुजवली, आणि पुढच्या कोपऱ्यात धुऱ्याला खेकड्याचे बीळ पडलेले दिसले, तिकडे तो हळूहळू चालत गेला.