अवटु-न्यूनता व तिची रक्तपरीक्षा

अवटु-न्यूनता : मानेच्या पुढील भागी श्वासनलिकेस बिलगून असलेल्या अवटु ग्रंथीचा, म्हणजे थायरॉईडचा, स्राव शरीराच्या गरजेस अपुरा पडल्याने उद्भवणारी अवस्था. थकवा, थंडी सहन न होणे, त्वचेचा कोरडेपणा, मलावरोध, मंद नाडी, पाळीतील अनियमितता व वजनाची माफक वाढ ही तिची लक्षणे होत. परंतु यांतील प्रत्येक लक्षण अन्य कारणांनीही संभवत असल्यामुळे निदानाचा निर्णायक आधार रक्तपरीक्षा हाच मानला जातो.

इतिहास : प्रौढ स्त्रियांतील या विकाराचे वर्णन विल्यम गल यांनी १८७३ मध्ये केले व १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्यास मिक्सिडीमा हे नाव दिले. गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांस अशीच अवस्था येते, हे स्वित्झर्लंडमधील शल्यविशारद थेओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये निदर्शनास आणले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी न्यूकॅसल येथे ४६ वर्षांच्या एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षे जगली. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले. रक्तातील अत्यल्प हॉर्मोन मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धती सॉलोमन बर्सन व रोझलिन यॅलो यांनी सिद्ध केली, आणि तीमुळेच पुढील परीक्षा शक्य झाल्या. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

परीक्षेचे तत्त्व : मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी टीएसएच हे हॉर्मोन स्रवून अवटूस कामास लावते. अवटूचा मुख्य स्राव टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, किंचित जरी घटला, तरी टीएसएच अनेक पटींनी चढते. सबब टी-४ चा आकडा अद्याप मर्यादेत असतानाच टीएसएचने न्यूनतेची वर्दी दिलेली असते. अवटूचे दुसरे हॉर्मोन टी-३ हे मात्र बराच काळ टिकून राहत असल्यामुळे न्यूनतेच्या निदानास त्याचा फारसा उपयोग नाही.

अहवालाचे वाचन : अहवालात परिणाम, एकक व संदर्भमर्यादा असे रकाने असून मर्यादेबाहेरील आकडा ठळक छापलेला असतो. टीएसएचची मर्यादा प्रौढांत साधारणतः ०·४ ते ४ मिलिएकक प्रतिलिटर धरतात. तथापि ती प्रयोगशाळेगणिक थोडी भिन्न असते, वयोमानाप्रमाणे तिची वरची सीमा सरकते व गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांत ती खाली येते. टीएसएच चढलेले व मुक्त टी-४ घटलेले असल्यास न्यूनता उघड होय. टीएसएच ६·८ व मुक्त टी-४ मर्यादेत, असा दाखला आल्यास ती प्रच्छन्न न्यूनता होय; अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी परीक्षा पुन्हा करावी, कारण कित्येकदा आकडा आपोआप पूर्ववत होतो. टी-४ घटलेले असूनही टीएसएच चढलेले नसेल, तर दोष पोष ग्रंथीत असण्याचा संभव असतो, आणि केवळ टीएसएच मोजणाऱ्यास तो दिसत नाही. अवटूविरुद्धची टीपीओ-प्रतिपिंडे आढळल्यास प्रच्छन्न न्यूनता पुढे उघड होण्याचा संभव वाढतो. मध्यरात्रीच्या सुमारास टीएसएच अधिक असते. गंभीर आजारात व त्यातून उठताना ते विचलित होते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रांमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी व टी-४ खोटे अधिक दिसते.

कारणे : आयोडीन पुरेसे असलेल्या प्रदेशांत स्वप्रतिरक्षाजन्य अवटुशोथ हे प्रमुख कारण असून त्याचे वर्णन हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये केले. शस्त्रक्रिया, किरणोत्सर्गी आयोडीन, तसेच लिथियम व अमिओडॅरोन ही औषधे, ही अन्य कारणे. आयोडीनच्या न्यूनतेसंबंधी हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध झाली, व १९६२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला.

आहार : आयोडीनची गरज भागण्यास आयोडीनयुक्त मीठ पुरेसे.

उपचार : लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कृत्रिम टी-४ ची, गोळी सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घेऊन चहा व न्याहारी निदान अर्ध्या तासाने करावी; ती गोळी व लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचे अंतर असावे. टीएसएच १० हून अधिक असल्यास बहुधा उपचार देतात. त्याखालील प्रच्छन्न न्यूनतेत, विशेषतः वृद्धांत, मतैक्य नाही. टी-४ चे रक्तातील अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचे असून पोष ग्रंथी त्याहूनही सावकाश स्थिरावत असल्याने, मात्रा बदलल्यापासून ६ ते ८ आठवडे लोटण्यापूर्वी केलेल्या टीएसएच परीक्षेवरून मात्रा पुन्हा बदलू नये.