संन्याशाच्या झोळीतील ख्रिस्ती ग्रंथ

इ. स. 1892 च्या ऑक्टोबर महिन्यात एक तरुण बंगाली संन्यासी पुण्याहून कोल्हापुरास आला. भावनगरच्या ठाकूरसाहेबांचे परिचयपत्र त्याच्याजवळ होते. येथील राणीसाहेबांनी त्यास भगवे वस्त्र अर्पण केले आणि अल्पशा मुक्कामानंतर तो बेळगावकडे निघून गेला. राजर्षी शाहू महाराज त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. राज्याधिकार त्यांच्या हाती 1894 साली आले. हा संन्यासी पुढील वर्षी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेमुळे स्वामी विवेकानंद म्हणून जगद्विख्यात झाला. भ्रमणकाळात त्याच्या झोळीत दोन आवडते ग्रंथ असत, असे त्याचे चरित्रकार सांगतात. एक श्रीमद्भगवद्गीता आणि दुसरा थॉमस अ केम्पिसचा ‘इमिटेशन ऑफ ख्राइस्ट’, म्हणजेच ‘ख्रिस्तानुकरण’.

अंबाबाईच्या करवीरात एका हिंदू संन्याशासोबत आलेल्या या कॅथलिक भक्तिग्रंथाचे आपल्या समाजाने स्मरण ठेवावे, असे मला वाटते. या ग्रंथाविषयी विवेकानंदांनी आपले मत निर्भीडपणे लिहून ठेवले आहे, आणि भक्तिग्रंथ कसा वाचावा याचा एक धडाच त्यातून आपणांस मिळतो.

प्रथम ग्रंथाविषयी थोडेसे. थॉमस हा जर्मनीतील केम्पेन गावचा. जन्म 1380 च्या सुमाराचा, मृत्यू 1471 मधला. आयुष्याची बहुतेक वर्षे त्याने नेदरलंड्समधील झ्वोल्ले शहराजवळच्या मठात हस्तलिखितांच्या प्रती करण्यात आणि नवशिक्या मठवासीयांना मार्गदर्शन करण्यात घालविली. लॅटिन भाषेतील या ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिल्या तिन्हींत वैराग्य, अंतर्मुखता आणि ख्रिस्ताशी चाललेला आत्म्याचा संवाद आहे. चौथा भाग पवित्र कम्युनियनसंबंधी आहे. विद्वत्तेच्या अभिमानापेक्षा नम्र आचरण श्रेष्ठ, हे त्याचे सूत्र.

1889 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, विवेकानंदांनी या ग्रंथातील काही प्रकरणांचा बंगाली अनुवाद एका मासिकात प्रसिद्ध केला व त्यास प्रस्तावना जोडली. त्या प्रस्तावनेत तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली म्हणजे कोणतीही कुरकुर न करता केलेले कौतुक. हा ग्रंथ एका रोमन कॅथलिक संन्याशाचा आहे आणि ख्रिस्तप्रेमासाठी सर्वस्व त्यागणाऱ्या हृदयातून तो उतरला आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. दुसरी गोष्ट आपणांस बोचणारी आहे. डोके टेकण्यास जागा नसलेल्या प्रभूचे नाव घेत सुखासीन जीवन जगणाऱ्या तत्कालीन उपदेशकांवर त्यांनी कठोर टीका केली आणि खरा ख्रिस्ती मनुष्य या पुस्तकात भेटतो, असे सुचविले. तिसरी गोष्ट त्यांच्या स्वकीयांसाठी होती. परधर्मीयाचे पुस्तक म्हणून त्याची हेटाळणी करणाऱ्यांना त्यांनी आपल्याच शास्त्राचा आधार देऊन समजाविले आणि या ग्रंथातील समर्पणाचे नाते दास्यभक्तीशी जोडून दाखविले.

पण या प्रेमामुळे त्यांनी आपली विचारशक्ती गहाण ठेवली नाही. ‘ख्रिस्तानुकरणा’त पदोपदी पश्चात्ताप आहे, स्वतःच्या पापीपणाची तीव्र जाणीव आहे. कोल्हापूर सोडल्यावर वर्षभराच्या आतच, सप्टेंबर 1893 मध्ये, विवेकानंदांनी शिकागोच्या व्यासपीठावरून माणसास पापी म्हणणे हेच पाप होय, अशी भूमिका मांडली. या मुद्द्यावर आपण त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. पापाची जाणीव ही ख्रिस्ती माणसाला कृपेच्या दाराशी नेते, अशी आपली श्रद्धा आहे. तरीही ज्या ग्रंथातील एक प्रमुख विचार पटत नाही, तोच ग्रंथ माणूस वर्षानुवर्षे झोळीत बाळगतो, याला प्रामाणिक वाचन म्हणावे लागेल. प्रेम आणि मतभेद यांना त्याच्या ठायी एकत्र जागा मिळाली होती.

असा प्रामाणिकपणा आपल्या परंपरेला परका आहे काय? मुळीच नाही. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत जायबंदी झालेल्या इग्नेशियस लोयोला यांनी रुग्णशय्येवर शौर्यकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून त्यांना ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे देण्यात आली. पराक्रमाची स्वप्ने रंगविताना सुख वाटते, परंतु मागाहून मन कोरडे होते. संतांच्या मार्गाचा विचार केला की मागाहूनही समाधान टिकते, हा फरक त्यांनी स्वतःच्या मनात टिपला. येशूसंघाच्या संस्थापकाची आत्मपारख पुस्तके वाचता वाचता, त्यांचा स्वतःवर काय परिणाम झाला हे प्रांजळपणे पाहण्यातून सुरू झाली. पुढे ‘ख्रिस्तानुकरण’ हा त्यांचा नित्याचा सोबती झाला.

विवेकानंदांचा पुढील प्रवासही आपणांस याच विषयाकडे नेतो. बेळगावहून ते गोव्यास गेले, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या जुन्या लॅटिन ग्रंथांचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी राशोलच्या सेमिनरीत मुक्काम केला, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. याच राशोल येथे 1616 साली येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले होते. या पुराणाची जन्मकथा फादरांनी आरंभीच सांगितली आहे. धर्मशिक्षण चालू असता श्रोत्यांपैकी एकाने विनविले, की तुमची शिकवण उत्तम आहे. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास काहीतरी द्या. त्याच्या मनातील उणीव त्याने उघड बोलून दाखविली आणि इंग्लंडात जन्मलेल्या त्या धर्मगुरूने तिचा राग न मानता सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. जुन्या काव्याची भाषा लोकांस कठीण जाते हे जाणून त्यांनी मराठीत तेथील लोकभाषेचे सोपे शब्दही मिसळले.

त्या पुराणाच्या 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या; त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही ग्रंथ जगला, कारण भाविकांनी तो हाताने उतरवून ठेवला. अशाच हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा प्रसिद्ध केला. अकरा हजार ओव्या कोणी भिडेखातर उतरवून काढीत नाही. वाचकांनी या ग्रंथाला दिलेला तो खरा अभिप्राय होय.

कोल्हापुरात छापील ख्रिस्ती साहित्य प्रामुख्याने प्रोटेस्टंट बंधूंच्या प्रयत्नाने आले. रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांनी 1852 मध्ये येथे कार्य आरंभिले आणि पहिल्या तीन शुभवर्तमानांवर मराठीत भाष्ये लिहिली. त्या पिढीचे परिश्रम वंदनीय आहेत. परंतु मिशनच्या मराठीला परकेपणाचा वास येतो, हे सांगण्याचे धैर्य ख्रिस्ती समाजातीलच एका कवीने दाखविले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना इंग्रजी चालीवरील भाषांतरित गीते मराठी मनाला भिडत नाहीत असे वाटले. म्हणून त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तनाची वाट धरली. त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे थोडेच अध्याय 1919 मधील त्यांच्या निधनापूर्वी पूर्ण झाले होते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते महाकाव्य पुढे नेले आणि 1938 मध्ये ते प्रकाशात आले.

आता आपल्या घरांकडे वळू. प्रथम कम्युनियन, दृढीकरण, विवाह अशा प्रसंगी भेट मिळालेली प्रार्थनापुस्तके आणि संतचरित्रे आपल्या कपाटांत असतात. त्यांतील किती वाचली जातात? वाचली तर त्यांविषयी आपण काय बोलतो? बहुधा ‘पुस्तक चांगले आहे’ एवढेच. धार्मिक पुस्तकास नावे ठेवणे म्हणजे धर्मास नावे ठेवणे, अशी भीती त्यामागे असते. ही भीती निराधार आहे. पुस्तकाच्या आरंभी छापलेले ‘निहिल ऑब्स्टॅट’ आणि ‘इंप्रिमातुर’ हे शब्द एवढेच सांगतात, की त्यात श्रद्धेस वा नीतीस बाधक असे काही आढळले नाही व ते छापण्यास अनुमती आहे. त्याची मराठी वाचनीय आहे की नाही, ते दुःखी माणसास धीर देते की नाही, याची हमी ते शब्द देत नाहीत. ती पारख वाचकानेच करावयाची असते. संत पौलानेही थेस्सलनीकाच्या ख्रिस्तसभेस सर्व काही पारखून घेण्याचा आणि त्यातील चांगले जतन करण्याचा सल्ला दिला आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजाद्वारे सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्राच्या वाचनाचे आग्रहाचे आमंत्रण दिले आणि वाचनास प्रार्थनेची जोड असावी असे सांगितले. भक्तिग्रंथांनाही हीच कसोटी लावता येईल. पुस्तक मिटल्यावर प्रार्थना करावीशी वाटली काय? त्यातील भाषेत आपण आपल्या आजीशी बोलू शकू काय? ते वाचून दारातला गरीब अधिक स्पष्ट दिसू लागला काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तसे धर्मगुरूंना, अनुवादकाला आणि प्रकाशकाला आदराने पण स्पष्ट शब्दांत कळवावे. त्या अनाम श्रोत्याने संकोच केला असता, तर मराठी ख्रिस्ती साहित्य ‘ख्रिस्तपुराणा’स मुकले असते.