मतयंत्राच्या स्मृतीचें रक्षण

जामखेड तालुक्यांतील खर्डे हें गांव मराठ्यांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. ता. ११ मार्च १७९५ रोजीं तेथें निजामाच्या फौजेचा मोड झाला व निजामानें खर्ड्याच्या भुईकोटाचा आश्रय घेतला. तट शाबूत होता; परंतु बाहेरच्या वाटा मराठ्यांच्या हातीं गेल्यामुळें त्याला तहाची याचना करावी लागली. तटाची जाडी ही एक गोष्ट आणि वाटांवर ताबा कोणाचा ही दुसरी, हें त्या प्रसंगानें शिकविलें.

त्याच जामखेडांत आज निराळ्याच वस्तूभोंवतीं तट उभारावा लागतो. ती वस्तु म्हणजे मतदान यंत्राची स्मृति, जिला व्यवहारांत मेमरी म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्यें कर्जत-जामखेड विधानसभा मतदारसंघाचा निकाल अवघ्या १,२४३ मतांनीं लागला. एका मतदान केंद्रावर सामान्यतः हजारभर मतदारांचीं नांवें असतात. म्हणजे एकदोन यंत्रांत सांठविलेल्या आंकड्यांइतकेंच हें अंतर होय. त्या आंकड्यांना बाहेरचें एखादें उपकरण स्पर्श करूं शकेल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाहीं.

भारतांत असें यंत्र प्रथम १९८२ सालीं केरळांतील परूर मतदारसंघांत ५० केंद्रांवर वापरण्यांत आलें. कायद्यांत तशी तरतूद नसल्यामुळें १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो प्रयोग अग्राह्य ठरविला. पुढें कायदा दुरुस्त झाला आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकींत देशभर यंत्रेंच वापरलीं गेलीं. या यंत्राच्या बाह्य रचनेंत मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी.चे प्राध्यापक ए. जी. राव व रवी पूवय्या यांचा भाग होता. यंत्राचे मुख्य भाग दोन. मतदार ज्याचें बटण दाबतो तें बॅलट युनिट, आणि केंद्राध्यक्षाच्या पुढ्यांतील कंट्रोल युनिट. मतांची नोंद या दुसऱ्या भागांत राहते.

या नोंदीच्या सुरक्षिततेवर पहिला गंभीर आक्षेप २०१० सालीं आला, आणि त्याचा धागा मुंबईशींच जोडलेला आहे. हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद, अमेरिकेंतील प्राध्यापक अॅलेक्स हाल्डरमन व हॉलंडचे रॉप खोंग्रैप यांनीं एका खऱ्या यंत्राची परीक्षा केली. त्यांनीं दोन युक्त्या दाखविल्या. पहिलींत आंकडे दाखविणारी पाटीच बदलून तिच्या जागीं खोटे आंकडे सांगणारी पाटी बसविली होती. दुसरी अधिक सूक्ष्म होती. खिशांत मावेल एवढें एक उपकरण चिमट्यासारखें स्मृतीच्या चकतीवर लावावयाचें, म्हणजे मतदान व मतमोजणी यांच्या मधल्या काळांत आंतील नोंद पालटतां येते. एवढेंच नव्हे, तर मतें ज्या क्रमानें पडलीं तो क्रमहि त्या उपकरणाला वाचतां येई, म्हणजे मताची गुप्तताहि धोक्यांत येई. तें यंत्र मुंबईच्या सरकारी ताब्यांतून गेल्याच्या आरोपावरून ऑगस्ट २०१० मध्यें हरी प्रसाद यांना अटक झाली व पुढें ते जामिनावर सुटले. निवडणूक आयोगाचें म्हणणें असें कीं, प्रत्यक्ष निवडणुकींत यंत्रावर मोहोर असते, पहारा असतो, उमेदवारांचे प्रतिनिधी हजर असतात. तेव्हां असें उपकरण लावण्यास संधीच मिळत नाहीं.

हा वाद केवळ मतयंत्रापुरता नाहीं. घरोघरच्या संगणकांतहि जलद कामाकरितां कांहीं बाह्य उपकरणांना स्मृतींत थेट जाण्याची मुभा दिलेली असते. मुख्य प्रक्रियकाला विचारावेंहि लागत नाहीं. या सवलतीचा दुरुपयोग होऊं लागला, तेव्हां संगणकांत एक द्वारपाल बसविण्यांत आला. कोणत्या उपकरणानें स्मृतीच्या कोणत्या खोलींत जावें हें तो ठरवितो. विंडोज या प्रणालींत २०१८ सालीं या द्वारपालाच्या आधारें विशेष संरक्षण देण्यांत आलें.

मतयंत्राच्या बाबतींत उपाय दोन दिशांनीं झाले. एक तटाचा. २०१३ नंतरच्या बनावटीचें यंत्र उघडण्याचा प्रयत्न होतांच तें निकामी होतें, असें आयोग सांगतो. दुसरा उपाय साक्षीदाराचा. ऑक्टोबर २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कागदी पावतीचा आग्रह धरला. आतां मतदाराला ७ सेकंद आपली चिठ्ठी कांचेंतून दिसते व ती पेटींत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रांतील ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आंकड्यांशीं ताडून पाहिल्या जातात.

ता. २६ एप्रिल २०२४ रोजीं न्यायालयानें तिसरी पायरी घातली. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास निकालापासून ७ दिवसांत अर्ज करून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रांतील ५ टक्के यंत्रांची स्मृति उत्पादक कंपनीच्या अभियंत्यांकडून तपासून घेतां येते. खर्च अर्जदाराचा, फेरफार आढळल्यास तो परत मिळतो. त्याच वर्षीं अहमदनगर लोकसभा मतदारसंघांत २८,९२९ मतांनीं पराभूत झालेले सुजय विखे पाटील यांनीं ४० केंद्रांवरील यंत्रांसाठीं असा अर्ज केला, आणि त्यांत कर्जत-जामखेडचाहि समावेश होता. पुढें ११ फेब्रुवारी २०२५ रोजीं न्यायालयानें आयोगास बजावलें कीं, तपासणी करितांना यंत्रांतील मजकूर पुसूं नये व नवा भरूं नये. चोरापासून रक्षिलेली वस्तु तपासणाऱ्याच्या हातूनहि जपावी लागते, हा त्याचा अर्थ.

जुन्या मतपेटीला कुलूप होतें आणि तिच्यांतील कागद कोणासहि वाचतां येत असे. नव्या पेटींतील नोंद डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तिला कुलपाबरोबर साक्षीदाराचीहि गरज लागते. निवडून आलेल्यास निकाल नेहमींच पटतो. लोकशाहीची कसोटी लागते ती १,२४३ मतांनीं हरलेल्याच्या मनांत. त्याला शंका विचारतां यावी, आणि उत्तर पडताळून पाहतां यावें, एवढ्यासाठींच ही सारी खटपट आहे.