घरच्या खोलींतील ठेका

नृत्याच्या संगीतांत सूर जरा हलला तर श्रोता क्षमा करतो. ठेका ढिला पडला तर नाचणाराचे पायच थांबतात. घरच्या खोलींत संगणकापुढें बसून विजेच्या वाद्यांवर नृत्यसंगीत रचणाऱ्या हौशी माणसाची पहिली तक्रार म्हणूनच ड्रमविषयीं असते. स्वर जमले, चाल रंगली, पण ड्रम कांहीं धंदेवाईकांसारखे वाजत नाहींत, असें त्याला वाटत राहतें. ज्या नादाशीं ताडून पाहून तो स्वतःला उणें लेखतो, त्या नादाची कुळकथा मात्र त्याला बहुधा ठाऊक नसते. बाजारानें नाकारलेल्या यंत्रांतून आणि बेताच्या मिळकतीच्या तरुणांच्या घरांतून तो नाद जगापुढें आला.

जपानांतील इकुतारो काकेहाशी हे प्रथम घड्याळें दुरुस्त करीत. १९७२ सालीं त्यांनीं ओसाका येथें रोलंड कंपनी स्थापन केली. ऑर्गन वाजविणाराला साथ मिळावी म्हणून ठराविक ठेके वाजविणाऱ्या पेट्या त्या काळीं मिळत. पण त्यांतला ठेका कारखान्यानें ठरविलेला असे. १९८० सालच्या टीआर-८०८ या यंत्रांत सोळा कळांची एक रांग होती. हवी ती कळ दाबावी आणि आपला ठेका आपण बांधावा. त्रितालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजणाऱ्या श्रोत्याला ही रचना ओळखीची वाटेल.

या पेटींत खऱ्या ड्रमचें ध्वनिमुद्रण मुळींच नव्हतें. बास ड्रमसाठीं एका विद्युन्मंडलाला क्षणमात्र धक्का दिला जाई. टोला बसलेली घंटा जशी घुमत घुमत शांत होते, तसा तो नाद विरे. झांजेसाठीं परस्परांशीं न जुळणारे सहा आंदोलक एकत्र करून गाळून घेतले जात. यंत्रांतील खरखरीसाठीं जे ट्रान्झिस्टर लागत ते सदोष म्हणून टाकलेले असत, आणि तसलाच माल मुद्दाम विकत घेतला जाई. पुढें ट्रान्झिस्टरांची घडण सुधारली, सदोष माल मिळेनासा झाला, आणि सुमारें बारा हजार नग निघाल्यावर १९८३ सालीं ही निर्मिती थांबली. माल सुधारला म्हणून वाद्य संपलें, असें उदाहरण विरळाच.

त्याच १९८० सालीं अमेरिकेंत रॉजर लिन यांनीं एलएम-१ हें यंत्र काढलें होतें. त्यांत खऱ्या ड्रमचे आघात मुद्रित केलेले असत. किंमत जवळजवळ पांच हजार डॉलर. ८०८ बाराशें डॉलरांच्या आंत मिळे, तरी धंदेवाईकांचा कौल लिनच्याच बाजूनें पडला. ८०८ चा आवाज त्यांना खेळण्यासारखा वाटे. १९८३ चें टीआर-९०९ हेंहि लवकरच बंद पडलें. मग हीं दोन्ही यंत्रें जुन्या बाजारांत कवडीमोलानें मिळूं लागलीं, आणि शिकागो व डेट्रॉइट येथील आफ्रिकी वंशाच्या तरुणांच्या हातीं आलीं. शिकागोच्या 'वेअरहाउस' नृत्यगृहांत फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत. 'हाउस' हें नांव त्यावरूनच रूढ झालें. १९८४ सालीं जेसी सॉन्डर्स यांची 'ऑन अँड ऑन' निघाली, तिचे ड्रम ८०८ चे. डेट्रॉइटच्या डेरिक मे यांनीं आपलें ९०९ नकल्स यांना विकलें.

मुंबईचेंहि नांव या कथेंत येतें. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं ८०८ व त्याच कंपनीचीं आणखी दोन यंत्रें घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. तबकडी फारशी खपली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली तेव्हां जाणकार चकित झाले. कारण शिकागोचें 'ॲसिड' संगीत तबकडीवर आलें तें १९८७ सालीं!

मग घरच्या ड्रमांत उणें काय पडतें? एक तर ते फार सरळ चालतात. लिन यांनीं आपल्या यंत्रांत प्रत्येक दुसरा सोळावा भाग किंचित् उशिरां वाजविण्याची सोय ठेवली होती. दोन आघातांच्या जोडींत पहिल्याला शेंकडा पन्नास वेळ दिला तर चाल सरळ. तोच साठाच्या आसपास नेला कीं ठेका डुलूं लागतो. तबलजी ज्याला लोच म्हणतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे. दुसरी अडचण खर्जाची. बास ड्रम व बास यांचा मुक्काम एकाच पट्टींत पडतो आणि दोघे एकमेकांना गिळतात. शिवाय खोलींतल्या लहान ध्वनिक्षेपकांतून तो खर्ज नीट ऐकूंच येत नाहीं, म्हणून घरचा कारागीर तो वाजवीपेक्षां जास्त वाढवितो. शिकागोच्या मुलांजवळ यावर खर्चिक उपाय नव्हता. ते आपली फीत घेऊन नृत्यगृहांत जात. 'म्यूझिक बॉक्स' येथें रॉन हार्डी यांनीं 'ॲसिड ट्रॅक्स' एकाच रात्रीं पुन्हां पुन्हां वाजविलें. प्रथम नाचणारे बिथरले, शेवटीं बेभान झाले. असा परीक्षक कोणत्याहि ध्वनिमुद्रणगृहांत पैसे देऊन मिळाला नसता.

ज्यांना यंत्राचा आघात नको होता, त्यांनीं जुन्या तबकड्यांतून ड्रमचे तुकडे कापून घेतले. 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या १९६९ सालच्या 'अमेन, ब्रदर' मध्यें ग्रेगरी कोलमन यांनीं चार आवर्तनें एकट्यानें वाजविलीं आहेत. सात सेकंदांचा मामला. इंग्लंडांतील 'जंगल' संगीताचा मोठा भाग या सात सेकंदांवर उभा राहिला, आणि घरोघरच्या संगणकांत तो तुकडा जाऊन बसला. वादकाला त्याचें मानधन मिळालें नाहीं. २०१५ सालीं चाहत्यांनीं वर्गणी काढून चोवीस हजार पौंड वाद्यवृंदाचे नायक रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. कोलमन त्यापूर्वी नऊ वर्षें, बेघर स्थितींत, अटलांटा येथें वारले होते.