भोकाड पसरतं, हंबरडा फुटतो

आजचा शब्द तुम्ही लहानपणी नक्की ऐकून घेतलाय: भोकाड. "काय भोकाड पसरलंय कार्ट्यानं!"

अर्थ सोपा, तोंड वासून मोठमोठ्यानं रडणं. पण मी दिवसभर कोड वाचणारा माणूस, माझं लक्ष आधी क्रियापदाकडे जातं. मराठीत आपण काय काय पसरतो? हात पसरतो, पदर पसरतो, तोंड पसरतो. म्हणजे काहीतरी मागतो. भोकाडही त्याच रांगेतलं. मोबाईल हवाय, फुगा हवाय, म्हणून पसरलेलं. रडणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा संशयच या शब्दात जास्त आहे, की हे दुःख नाही, नाटक आहे. ट्रेनमध्ये तान्हं बाळ रडलं तरी लोक हेडफोन लावत हाच शब्द पुटपुटतात. अरे, त्याचा कान दुखत असेल तर ते सांगणार कसं?

मयताच्या घरी मात्र कुणी 'भोकाड' म्हणून बघा! तिथे शब्द बदलतो, क्रियापदही बदलतं. हंबरडा फोडतात. टाहो फोडतात, अन्यायाला वाचा फोडतात, तसंच. आत कोंडलेलं बाहेर येतं.

आणि हंबरडा मुळात माणसाचा नाहीच. गाय हंबरते ना, त्यातला तो. संस्कृतात गाईच्या आवाजाला 'हम्भा' म्हणतात, थेट आवाजावरूनच बनलेला शब्द.

महाभारताच्या आदिपर्वात वसिष्ठांच्या नंदिनी गाईची गोष्ट आहे. विश्वामित्र तेव्हा राजा होता. त्याचे सैनिक तिला चाबकांनी, काठ्यांनी मारत नेतात. ती हंबरत वसिष्ठांसमोर येऊन उभी राहते. वसिष्ठ काय म्हणतात? ब्राह्मणाचं बळ क्षमा. मी तुला सोडलेलं नाही, राहता आलं तर राहा. पण तुझं वासरू दोरीनं बांधून ओढून नेतायत बघ. (मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. समोर मार खातेय ती!) मार सोसणारी नंदिनी वासराचं ऐकल्यावर मात्र मान वर करून अशी हंबरते की सगळं सैन्य पळवून लावते.

म्हणून 'मॅच हरताच चाहत्यांनी फोडला हंबरडा' असलं नोटिफिकेशन आलं की मी वैतागतो. मॅचसाठी भोकाड पुरे की!