रॅकेट ठेवून आलेल्या राजकुमारी

१९३८ चा हिवाळा. तुम्ही वर्धा स्टेशनाबाहेर उभे आहात. "कुठी जायचं हाय, भाऊ?" दमणीवाला विचारतो. सेगाव म्हणताच सरकून जागा देतो. गावाचं सेवाग्राम व्हायला अजून दोन वर्षं आहेत. काळ्या मातीच्या चाकोरीतून चाकं कुरकुरत निघतात. दोन्ही अंगांना बाया पऱ्हाटीत वाकून कापूस वेचताहेत.

गांधीजींच्या आश्रमात कुडाच्या भिंती, वर कवेलू. बापूंच्या शिष्या मीराबेननी भिंतीवर मातीतून उठवलेल्या झाडांवरून तुम्ही हळूच बोट फिरवता. तेवढ्यात चटईवर बसलेल्या कृश बाई दिसतात, पन्नाशीच्या, खादीतल्या. पुढ्यात पत्रांचा ढीग. एक वाचायचं, खूण करायची, पुढचं घ्यायचं. मनगट जराही थकत नाही.

या मनगटानं टेनिसची कितीतरी बक्षिसं मिळवली आहेत. कपूरथळ्याच्या राजकुमारी अमृत कौर. त्यांच्याच वयाच्या हेझल हॉचकिसनं १९०९ ते १९११ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेची एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी जिंकली. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दुहेरीची दोन सुवर्णपदकं. तिचं आयुष्य कोर्टावर फुललं. अमृत कौर यांच्या वडिलांकडे मात्र गोपाळ कृष्ण गोखले येत, आणि त्यांचं बोलणं ऐकून देशाचं वेड लागलं. खेळ सुटला याची हळहळ मला वाटते. पण इथं, या चटईशी उभं राहिलं की ती टिकत नाही.

बापू पत्रांत त्यांना 'इडियट' म्हणतात आणि खाली 'टायरंट' अशी सही करतात. एवढी मोकळीक दुहेरीतल्या जोडीदारांतच असते.

गावात हिवताप. १९३६ मध्ये बापूंनाही त्यानं वर्ध्याच्या इस्पितळात पोचवलं होतं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, अमृत कौर यांना नाही: मध्य प्रांत-वऱ्हाडातून त्या घटना समितीवर जातील, देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री होतील, हिवतापाविरुद्ध मोहीम उघडतील, दिल्लीत एम्स उभं करतील. आणि १९५३ मध्ये त्यांच्या नावानं खेळाडूंसाठी प्रशिक्षण योजना सुरू होईल. म्हणजे कोर्ट काही पुरतं सुटलं नव्हतं. सांगून टाकावं म्हणून तुम्ही तोंड उघडता.

"वर्ध्याला परत निघालात ना?" त्या मान वर करून विचारतात, आणि सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा तुमच्या हाती देतात. "तेवढी टपालात टाका. आजची गाडी चुकायला नको."

बाहेर दमणी थांबलेली आहे. बैल जुंपलेलेच आहेत.